कान्हा तांडेलनं मासळी सोडली

सारसोळ्यात भांडण झालं की लोक चौकीवर जायच्या आधी कान्हा तांडेलच्या ओटीवर जात. कान्हा गावचा पुढारी नव्हता, की त्याच्यापाशी पैशाअडक्याची मिजास नव्हती. बापाचं मिठागर सरकारकडे गेलं, त्याच्या बदल्यात ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रंगाच्या कंपनीत फिटरची नोकरी मिळाली, तीच तो इमानानं करत होता. पण त्याला एक खोड होती. जे दुसऱ्याला सांगायचं ते आधी स्वतःला लावून बघायचं. खाडीत कचरा टाकणाऱ्याला दंड, असं एकदा त्यानंच ठरवलं, आणि पहिल्याच आठवड्यात त्याच्याच घरची केळीची सालं भरतीबरोबर धक्क्याला लागली. कान्हानं देवळाच्या पेटीत स्वतःचा दंड भरला आणि वर पुजाऱ्याकडे पावती मागितली. पुजाऱ्यानं अंगारा दिला.

अशा माणसाचा निवाडा लोक मानतात. आणि अशा माणसाशी संसार करणाऱ्या बाईचे काय हाल होतात, ते गोजराला विचारावं. गोजरा त्याची बायको. पहाटे धक्क्यावरून मासळी उचलायची, टोपली डोक्यावर घ्यायची आणि नेरूळच्या नव्या सोसायट्यांमधून "बोंबील घ्या, मांदेली घ्या" करत फिरायचं, हा तिचा धंदा. आवाज असा की चौथ्या मजल्यावरची बाई झोपेतून उठून भाव विचारी.

गोष्ट शहाण्णव सालची. गिरजाबाईची कोंबडी सदूच्या परसात शिरली. सदूनं तिथं जवळा वाळत घातला होता. कोंबडीनं मनसोक्त टिपला. सदूनं कोंबडी धरली, आणि संध्याकाळी तिचा रस्सा केला. दुसऱ्या दिवशी गिरजाबाई पुराव्याची पिसं पदराच्या गाठीला बांधून कान्हाच्या ओटीवर येऊन बसली आणि रडू लागली. सदूला बोलावणं गेलं. मागोमाग निम्मा गाव आला.

"सदू, पिसं तुझ्याच परसातली ना?" कान्हानं विचारलं.

"व्हय दादा. पन तिनं माझा पाटीभर जवला खाल्ला."

"खाल्ला म्हनून जीव घ्याचा? मुक्या जिवाला काय ठावं, ह्यो जवला सदूचा हाय का कोनाचा हाय? भूक लागली, खाल्लं. तिचा काय गुन्हा? सांग ना, काय गुन्हा?"

गिरजाबाईनं पदर डोळ्याला लावला. लोकांनी माना डोलावल्या. कान्हा बोलायला लागला की असंच व्हायचं. सदू मात्र डोकं खाजवत उभा होता. तो काही वाद घालणारा माणूस नव्हता. त्याला खरोखरच एक शंका आली होती.

"दादा," तो म्हणाला, "मंग रविवारी तुमी खाल्ली तिचा काय गुन्हा व्हता? तिनं तर कोनाचा जवला पन खाल्ला नव्हता."

ओटीवर हशा पिकला. रडता रडता गिरजाबाईसुद्धा हसली. फक्त कान्हा हसला नाही. "कोंबडीच्या बदल्यात कोंबडी दे," एवढं तो कसंबसं म्हणाला आणि निवाडा उरकला. गिरजाबाईला सदूकडून ठिपक्यांची एक कोंबडी मिळाली. ती तिनं पुढच्याच रविवारी आनंदानं खाल्ली.

कान्हाच्या डोक्यात मात्र सदूचा सवाल रुतून बसला. कंपनीत पाइप जोडताना, कँटीनच्या रांगेत, घरी न्हाणीत, तो मनातल्या मनात सदूला उत्तरं देत होता. माझी कोंबडी विकतची होती. पण मग ती सदूच्या चोरीची गोष्ट झाली, कोंबडीच्या जिवाची कुठं झाली? सगळेच खातात. पण हे कारण घेऊन ओटीवर आलेल्या प्रत्येकाला त्यानं आजवर हाकलून दिलं होतं. देवानं खाण्यासाठीच केली. हे तर कोंबडीला कोणी विचारलंच नव्हतं. एक दिवस त्यानं विचारांच्या तंद्रीत व्हॉल्व्ह उलटा बसवला आणि सुपरवायझरच्या पांढऱ्या शर्टावर पिवळ्या रंगाची चिळकांडी उडाली. तेव्हा कान्हानं ओळखलं, की आता निकाल लावलाच पाहिजे.

रविवारी गोजरानं निवट्यांचं कालवण केलं होतं. खाडीच्या चिखलातले ताजे निवटे, आंबट, तिखट, वर कोथिंबीर. कान्हाचा जीव की प्राण. तिनं ताट वाढलं. त्यानं वाटी अलगद बाजूला सरकवली.

"मी सोडलंय," तो म्हणाला.

"काय सोडलंय? नोकरी?" गोजराच्या हातातला डाव तसाच राहिला.

"मटन, कोंबडी, मासली. सगला."

गोजरानं पुढं होऊन त्याच्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता. मग तिनं मुलीकडे बघितलं. मुलगी स्नेहल, बारावीत होती. तिला हसू आवरत नव्हतं.

"आवो, कोंबडी समजली. सदूनं टोचलं तुमाला. पन मासलीनं काय घोडं मारलंय?"

"मासलीला पन जीव हाय. पान्याच्या बाहेर काढल्यावर कशी तरफरते, मी बारका व्हतो तेवापासून बघतोय. कोंबडीला एक न्याय आनि निवट्याला दुसरा, असा कसा करू?"

"आनि मी काय विकते? भेंडी?"

कान्हानं भात आणि मीठ कालवलं आणि खाल्लं. गोजरानं मग जेवण केलं नाही. तिला मासळीचं दुःख नव्हतं. लग्न झाल्यापासून तिनं रांधायचं आणि त्यानं पहिला घास घेऊन मान हलवायची, मग तिनं आपलं ताट घ्यायचं, असा त्यांचा रिवाज होता. बाकी साऱ्या गोष्टींत कान्हा फाटे फोडी. कालवणापुढे त्यानं कधी तोंड उघडलं नव्हतं. आता तेही गेलं.

गावात बातमी वाऱ्यासारखी पसरली. आणि गंमत अशी, की कान्हानं मासळी सोडली यावर सगळ्यांचा विश्वास बसला, का सोडली यावर कोणाचाच बसला नाही. माळ घातली असती तर लोकांनी पाया पडून वाट दिली असती. डॉक्टरनं बंद केलं असतं तर हळहळले असते. नवस असता तर कधी फिटणार ते विचारलं असतं. पण नुसता विचार करून माणूस मासळी सोडतो, तोही सारसोळ्यातला, हे कोणाच्या पचनी पडेना. कोणी म्हणे पोटात फोड झालाय, सांगत नाही. कोणी म्हणे एका गुजराती बिल्डरशी बोलणी चाललीत, त्याला खूश करायला. गिरजाबाईनं छातीठोकपणे सांगितलं, की बायकोवर रुसलाय, आणि कारण आपल्याला ठाऊक आहे पण आपण बोलणार नाही. मग ती दारोदार जाऊन बोलली नाही, म्हणजे बसून, चहा पिऊन, बोलली नाही.

गोजरा तडक सदूच्या दारात गेली. कमरेवर हात ठेवून तिनं त्याच्या सात पिढ्या खाडीत बुडवून वर काढल्या. त्याच संध्याकाळी सदू कान्हाच्या ओटीवर हजर.

"दादा, मी माझा सवाल मागं घेतो."

"असा कसा मागं घेशील?"

"चुकून विचारला. गोजरावयनी मना बाजारात उभा राहू देनार नाय. तुमी एक तुकडा खा, मी वयनीला जाऊन सांगतो, मिटलं."

"सदू, तू मागं घे, नायतर पुढं टाक. मना आता तो ऐकू आलाय."

सदू बिचारा डोक्याला हात लावून गेला.

गोजरा हार मानणारी नव्हती. दुसऱ्या दिवसापासून ती मुकाट भाजी करू लागली. वांगं केलं, कान्हाला आवडलं. दुधी केला, आवडला. लाल माठ केला, तोही त्यानं बोटं चाटत खाल्ला. कान्हाला मोठं नवल वाटलं. कंपनीत तो शाकाहारी लोकांच्या रांगेत उभा राहून सांगू लागला, "लोक उगाच घाबरतात. भाजीत पन तीच चव असते, आपल्याला बघायची नजर नव्हती." पंधरवडाभर हे प्रवचन चाललं. एका रात्री वांगं खाताना तो स्नेहलला म्हणाला, "बघ, निसर्गानंच चव दिली हाय."

पाणी पिता पिता हसू फुटलं आणि स्नेहलच्या नाकातून पाणी आलं. "पप्पा, ती निसर्गानं नाय दिली, मम्मीनं दिली. सुकट हाय त्याच्यात."

कान्हाचा घास तोंडातच राहिला. त्यानं वांग्याची फोड उलटी केली. खाली सुक्या जवळ्याचे बारीक डोळे त्याच्याकडे टकामका बघत होते.

"दुधीत?" त्यानं विचारलं.

"दुधीत पन," गोजरा शांतपणे म्हणाली.

"माठात?"

"माठात जरा कमी. आवो, सुकट घातल्याशिवाय भाजी व्हते का? माझ्या आयशीनं शिकवलेली भाजी हाय. तुमी भाजी मागितली, मी भाजी दिली."

तिच्या लेखी ती खोटं बोललीच नव्हती. सुकट ही तिच्या घरात मिठासारखी गोष्ट होती. पण कान्हा दोन दिवस कँटीनकडे फिरकला नाही. त्याला सुकटीचा राग नव्हता. कंपनीत पंधरा दिवस जे प्रवचन झोडलं होतं, ते आता कोणत्या तोंडानं मागं घ्यायचं, ह्याची लाज वाटत होती. शेवटी त्यानं ते घेतलंच. कँटीनच्या रांगेत उभा राहून त्यानं सगळ्यांना सांगितलं, की मी सांगितलेली चव सुकटीची होती. कँटीनवाल्यानं तेव्हापासून त्याचं नाव 'जवळा महाराज' ठेवलं.

ही कीर्ती खाडीपलीकडे नाही, पण रस्त्यापलीकडे नक्की गेली. गावाला लागूनच एक नवी सोसायटी होती, तिचे सेक्रेटरी होते दिनानाथराव. मंत्रालयातून निवृत्त झालेले, सकाळी हास्यक्लब आणि संध्याकाळी तक्रारी असा त्यांचा दिनक्रम. त्यांनी सोसायटीत शाकाहार प्रसारक मंडळ काढलं होतं. मंडळात सगळे जन्मापासूनचे शाकाहारी होते, त्यामुळे प्रसार करायला कोणी उरलं नव्हतं. खाडीकाठच्या गावातल्या एका कोळ्यानं मासळी सोडली, हे ऐकून दिनानाथरावांना कोण आनंद झाला! ते स्वतः कान्हाच्या घरी आले.

"तांडेल साहेब, आम्ही तुमचा जाहीर सत्कार करणार आहोत. शाल, श्रीफळ."

कान्हाला आयुष्यात कोणी साहेब म्हटलं नव्हतं. शिवाय कुणीतरी पहिल्यांदाच, पोट दुखतंय का असं न विचारता, त्याच्या निर्णयाला चांगलं म्हणत होतं. तो हो म्हणाला. गोजरानं आतून भांडं आपटलं.

सत्काराला सोसायटीच्या आवारात मांडव घातला होता. लाउडस्पीकर होता. कान्हा लग्नातला कोट घालून स्टेजवर बसला होता आणि घामानं निथळत होता. समोर खुर्च्यांवर सोसायटीची मंडळी. मागच्या रांगेत दिनानाथरावांच्या पत्नी जयमालाबाई आणि इतर बायका. गावातला एकटा सदू आला होता, कारण ह्या सगळ्याला आपण जबाबदार आहोत असं त्याला वाटत होतं. तो गेटला टेकून उभा होता.

दिनानाथरावांनी शाल घातली, नारळ दिला आणि भाषणाला सुरुवात केली. "मित्रहो, चिखलातूनच कमळ उगवतं..."

"चिखल म्हंजे आमचा गाव का?" कान्हानं बसल्या जागेवरून विचारलं. माईक जवळच असल्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं. लोक हसले. दिनानाथरावही हसले, आणि पुढे म्हणाले, की आज या मंगल प्रसंगी आपण एक ठराव करू या. मासळीवाल्या बायका रोज गेटच्या आत येतात, जिन्यात वास सुटतो, लिफ्टमध्ये पाणी सांडतं. तर उद्यापासून त्यांना प्रवेश बंद. "आणि या ठरावाला पहिला पाठिंबा देतील आपले सत्कारमूर्ती!"

टाळ्या पडल्या. माईक कान्हाच्या हातात आला.

कान्हा उठला. शाल खांद्यावरून घसरत होती, ती त्यानं काखेत दाबली. "मी फिटर मानूस हाय," तो म्हणाला. "मना भाषन येत नाय. मी मासली सोडली ती वासामुलं नाय सोडली. खरं सांगू? मना तो वास अजून गोड लागतो. कोनाच्या घरात बोंबील तलत असले तर मी रस्त्यात थांबतो. तोंडाला पानी सुटतं." पुढच्या रांगेतल्या दोघांनी नाकं मुरडली. "त्या जिवानं आपलं काय वाकडं केलंय, असं वाटलं म्हनून सोडली. तुमी मासलीवर दया करनार आनि मासलीवालीला उन्हात उभी करनार, ह्यो कुठला हिशेब? त्या बायकांत माझी बायको पन हाय. माझा पाठिंबा नाय."

मांडवात कुजबुज झाली. तेवढ्यात एक तरुण उठला. आशुतोष त्याचं नाव, कॉलेजात वक्तृत्वाची बक्षिसं मिळवलेला. "काका, एक विचारू? तुम्हाला माशाच्या जिवाची एवढी काळजी आहे, तर तुमची बायको मासे विकते ते कसं चालतं तुम्हाला?"

त्याच्या आवाजात कुत्सितपणा नव्हता, पण सवाल नेमका होता. माईकनं शिट्टी मारली. कान्हा उभा होता. गेटवरच्या सदूनं डोळे मिटून घेतले. आणखी एक सवाल, म्हणजे हा आता बायकोला पण सोडतो की काय!

"ह्याचं उत्तर मना सापरलं नाय," शेवटी कान्हा म्हणाला. "रोज शोधतो. खोटं कशाला सांगू?" आणि खाली बसला.

दिनानाथरावांनी घाईघाईनं माईक घेतला. "तर ठरावाच्या बाजूनं हात वर करा."

"थांबा जरा," मागच्या रांगेतून जयमालाबाईंचा आवाज आला. "गेटवर अडवलंत तर तिथपर्यंत उन्हातून कोण जाणार? गोजरा दारात येते, साफ करून देते. मला नाही जमायचं."

दिनानाथराव गोंधळले. "तुझा काय संबंध?"

"मी मांदेली घेते तिच्याकडून. दर बुधवारी." त्यांच्या लक्षात आलं, आपण काय बोलून बसलो. त्या चाचरल्या. "म्हणजे... मांजरासाठी."

दिनानाथराव माईकवरच म्हणाले, "आपल्याकडे मांजर कुठंय?"

त्यानंतर मांडवात जे हसू फुटलं, त्यात ठराव वाहून गेला. हात वर करायला कोणी मोकळं नव्हतं. सगळ्यांनी पोटं धरली होती. दिनानाथराव बिचारे कुणाकडे बघावं या विचारात होते. सभा चहावर संपली. जयमालाबाई मात्र चहालाही थांबल्या नाहीत.

कान्हा घरी पोचला तेव्हा गोजराला सगळं कळलेलं होतं. सदू धावत पुढं आला होता. ती ओटीवर कोयता धूत बसली होती.

"शाल बरी हाय," ती म्हणाली. "थंडीला होईल."

कान्हा तिच्याशेजारी बसला. थोड्या वेळानं तिनंच विचारलं, "त्या पोरानं विचारलं, त्याचं काय? मनात काय हाय ते सांगा. तुमाला वाटतं ना, मी पन सोडावं?"

कान्हाला खोटं बोलता येत नव्हतं. त्याचं तेच तर दुखणं होतं. "वाटतं," तो म्हणाला. "पन तुला सांगायचा हक्क मना नाय. विचार माझा हाय, टोपली तुझी हाय."

"माझ्या आयशीनं ह्याच टोपलीवर आमा पाच जनांना पोसलं. तुमची कंपनी संपावर व्हती तेवा घर ह्याच टोपलीनं चालवलं. मी नाय सोडनार."

"मी सांगत पन नाय."

"आनि मनात वाईट वाटून घेऊ नका."

"ते वाटनारच."

"मंग वाटू द्या," गोजरा म्हणाली आणि कोयता भिंतीला उभा करून आत गेली. भांडण मिटलं नव्हतं, पण निदान ते आता ओटीवर उघडं मांडलेलं होतं. खूप दिवसांनी कान्हाला हलकं वाटलं.

त्या रात्री तिनं पहिल्यांदाच सुकट न घालता दुधी केला. त्याच्यापुढे ठेवला आणि कमरेला हात लावून उभी राहिली. "कसा झालाय?"

कान्हानं घास घेतला. चावला. विचार केला. "पान्यात भिजवलेलं पुस्तक खाल्ल्यासारखा."

स्नेहल आता घरात काय होतंय म्हणून बघत राहिली. गोजराचे डोळे मोठे झाले, नाकपुड्या फुगल्या, आणि मग ती एकदम खो खो हसत सुटली. तिच्या हाताला नाव ठेवायची हिंमत आजवर कोणी केली नव्हती. "थांबा," ती म्हणाली, "तुमाला दाखवते."

तिनं ते मनावर घेतलं. मासळी विकायला सोसायट्यांत जायची, तिथल्या बायकांना विचारून यायची. देशावरच्या एकीनं कारळं दिलं, कोकणातल्या एकीनं काळ्या वाटाण्याचं सांबारं शिकवलं. तिनं त्यांचं सगळं ऐकलं आणि त्यातलं निम्मं टाकून दिलं. शेवटी आपलंच आंबट-तिखट वाटण घेतलं, त्यात शेवग्याच्या शेंगा आणि कच्ची कैरी सोडली, आणि वर लसणाची फोडणी दिली. ते कालवण खाऊन कान्हानं मान हलवली. गोजरा आत गेली आणि चुलीकडे तोंड करून बराच वेळ उगाचच लाकडं सारखी करत बसली.

तेव्हापासून त्या घरात दोन पातेली चढतात. तिच्या पातेल्यात बोंबील, त्याच्यात शेंगा. चमचे वेगळे, ताटं शेजारी शेजारी. तो मासळी खात नाही, ती सोडत नाही, आणि दोघंही आपापल्या परीनं दुसऱ्याच्या पातेल्याकडे बघून नाराज होतात. बुधवारी जयमालाबाई मांदेली घेतात; आता त्या मांजराचं नाव काढत नाहीत, आणि दिनानाथराव त्या वेळेला पेपर जरा उंच धरून वाचतात.

पुढच्या वर्षी श्रावण लागला. श्रावणात सारा गाव मासळी बंद ठेवतो, आणि दुसऱ्याच दिवसापासून घराघरांतून पुरुषांची कुरकुर सुरू होते. त्या वर्षी गिरजाबाई वाटी घेऊन गोजराच्या दारात आली. "गो, ते शेंगांचं कालवन कसा करतेस? आमचा म्हातारा भाजी बघून ताटावरून उठतो." तिच्या मागं दुसरी आली, मग तिसरी. गोजरा पाट्यावर वाटण वाटत होती. तिनं कपाळावरचा घाम पुसला आणि ऐटीत म्हणाली, "बसा. तुमचा श्रावन महिन्याचा, आमचा बारमाही हाय."

ओटीवर कान्हा एका नव्या भांडणाचा निवाडा करत होता. पंढरी नावाच्या गड्याचं नि त्याच्या भावाचं होडीवरून बिनसलं होतं. आतून वाटणाचा वास आला, तसा त्यानं दोघांना हातानं थांबवलं.

"जेवून या," तो म्हणाला. "नायतर इथंच जेवा. पन मासली मिलनार नाय."

दोघे भाऊ एकमेकांकडे बघत राहिले, आणि मग पायातल्या चपला काढून आत आले.